खाँसाहेबांचं गाणं आणि खाँसाहेबांचं घर

षड्जपंचम
मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या दांडिया बझारात काही गाणंवेडी मंडळी अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमतो, जुन्या रेकॉर्डी लावतो, मग चहा, चिवडा आणि आपापल्या घरी. पुढच्या बैठकीला गाण्यातलं किराणा घराणं घ्यायचं ठरलं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांवर चार शब्द बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आता बडोद्यात खाँसाहेबांवर बोलायचं म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, पळून जायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाँसाहेब कैरानाचे, जन्म १८७२चा. तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर बडोद्याला आले, दरबारी गवई झाले. इथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकायला लागली. माने राजघराण्याच्या नात्यातले. पुढचं तुम्हाला कळलंच असेल, दरबारात गहजब, आणि दोघं बडोदं सोडून मुंबईला. नंतर मिरज. पाच मुलं झाली, त्यातले सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही नावं कुणाला सांगायला नकोत.

तर तयारीच्या गप्पांत मी ही गोष्ट रंगवून सांगत होतो, सगळे 'वा वा' करत होते, आणि आमच्यातल्या एकांची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, 'काका, त्यांची पहिली बायको होती ना, गफूरन, तिचं काय झालं?' एक गृहस्थ लगेच म्हणाले, अगं त्या काळी चालायचं, आणि कलाकाराच्या खासगी आयुष्यात आपण कशाला डोकावायचं.

आता बघा हां. आत्ताच दहा मिनिटं आपण सगळे त्याच खासगी आयुष्यात मान घालून बसलो होतो! ताराबाईंचा भाग चालतो, तो रोमान्स. गफूरनचा आला की प्रायव्हसी. मला ते काही केल्या पटत नाहीये. खाँसाहेबांना ऐकावं की ऐकू नये हा माझा प्रश्नच नाही, मी ऐकणार, मरेपर्यंत ऐकणार. पण कला वेगळी माणूस वेगळा असं म्हणणारे आपण, माणसातला जो भाग रसाळ आहे तो मात्र कलेला चिकटवूनच सांगतो, आणि नेमका अडचणीचा भाग आला की मधे पडदा सोडतो. तुम्ही काय करता अशा वेळी? खाँसाहेबच पाहिजेत असं नाही, कुठल्याही कलाकाराबद्दल सांगा.

लीलो_चेवडो
अरे बापरे, एवढा मोठा लेख. उत्तर एका ओळीचं आहे. माणूस जातो, सूर राहतो. खाँसाहेब १९३७ला गेले, त्यांना आता कोणत्या कोर्टात उभं करणार आहात? तुमच्या बैठकीत 'जमुना के तीर' लावा, दिवे बंद करा आणि गप्प बसा, बरोबर ने? एवढं सगळं खणत बसलं तर मग कुणालाच ऐकता येणार नाही. भीमसेन लहानपणी याच खाँसाहेबांची झिंझोटीची रेकॉर्ड ऐकून वेडे झाले आणि गुरू शोधायला घरातून पळाले. त्या दुकानदाराने रेकॉर्ड लावायच्या आधी गवयाच्या चारित्र्याचा दाखला मागितला असता तर काय झालं असतं?

षड्जपंचम
@लीलो_चेवडो दाखला कुणी मागितलाय? मी तर म्हणतोय गोष्ट सांगायचीच असेल तर पूर्ण सांगा. नाहीतर मुळीच सांगू नका, नुसतं गाणं लावा, त्यालाही माझी ना नाही. अर्धी सांगायची आणि वर 'सूर राहतो' म्हणायचं, हे नको.

वासंती_काकू
मी इथे फारशी लिहीत नाही, वाचते. पण हा विषय सोडवेना म्हणून नातवाकडून टाइप करून घेतेय, चुका त्याच्या.

मी हिराबाईंना प्रत्यक्ष ऐकलंय, लहान होते, आईच्या मांडीला टेकून. नऊवारी, डोक्यावर पदर, हातवारे नाहीत, तोंड वेडंवाकडं नाही, आणि आवाज असा की सभागृहात कुणी खोकलं तर लोक वळून बघायचे. आई म्हणायची, बाईने गाणं म्हणजे काय ते हिने सभ्य करून दाखवलं. तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. त्या काळात चार भिंतींबाहेर, तिकीट लावून, घरंदाज बायका-पुरुषांसमोर एका बाईने बसून ख्याल गायचा म्हणजे केवढं काम होतं ते पुढे कळलं.

आता त्यांच्या आईचं बघा. ताराबाई खाँसाहेबांचं घर सोडून मुलांना घेऊन निघाल्या तेव्हा धाकटी दहाच्या आतली होती. आणि त्यांनी काय केलं, तर मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचा सुरेश झाला, चंपाकलीची हिरा, गुलाबची कमला, सकीनाची सरस्वती. मुलगे माने झाले, आजोळचं नाव, आणि मुली बडोदेकर. म्हणजे ज्या बडोद्याने त्या बाईला उभं राहू दिलं नाही, त्याच बडोद्याचं नाव हिराने आयुष्यभर लावलं आणि दिल्लीपर्यंत नेलं, पद्मभूषण मिळालं १९७० साली तेही त्याच नावाने. आपण बडोदेकर मात्र अजून ती पळून गेली एवढंच सांगतो. तिने पाच मुलं वाढवली, त्यातली तीन हिंदुस्थानात गाजली, हे कुणी रंगवून सांगत नाही. पळून जाणं एका रात्रीचं असतं हो. पुढची वर्षं कुणी काढली?

षड्जपंचम
काकू, नातवाला सांगा एकही चूक नाहीये. हे मी बोलताना वापरलं तर चालेल ना?

वासंती_काकू
वापर रे. नाव नको घालूस.

टायपोवाला
माझा अनुभव वेगळ्या लाइनमधला. मी फाइन आर्ट्सचा, आपल्या युनिव्हर्सिटीतूनच अप्लाइड आर्ट केलं, आता सयाजीगंजात छोटा स्टुडिओ आहे. आम्हाला टायपोग्राफी शिकवताना गिल सान्स शिकवतात, शिकवायलाच लागतो, १९२८चा फाँट, पेंग्विनच्या जुन्या कव्हरांवर तोच, बीबीसीचा लोगोसुद्धा १९९७पासून २०२१पर्यंत त्याच्यातच. एरिक गिल नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला. अतिशय सुंदर, माणसाच्या हाताची ऊब असलेली अक्षरं. नंतर कधीतरी वाचलं की १९८९मध्ये त्याचं चरित्र आलं आणि त्यात त्याच्याच डायऱ्यांमधून बाहेर आलं की त्याने स्वतःच्या मुलींवर अत्याचार केले होते. स्वतःच लिहून ठेवलेलं, हिशेबाच्या वहीसारखं. लंडनला बीबीसीच्या इमारतीवर त्याचं शिल्प आहे, २०२२च्या जानेवारीत एक माणूस शिडी लावून वर चढला आणि हातोडा घेऊन फोडायला लागला.

मी तेव्हापासून गिल सान्स वापरत नाही. आणि यात माझा काही मोठेपणा नाही हां, हे मुद्दाम सांगतो. कारण मला त्याने काहीच फरक पडत नाही, त्याच्यासारखे दहा फाँट आहेत, क्लायंटला कळतसुद्धा नाही. फुकटात मिळालेलं तत्त्व आहे ते. पण माझी आजी ज्यांची भजनं ऐकत झोपते त्या गायकाबद्दल उद्या काही बाहेर आलं तर मी ती तिच्याकडून काढून घेईन का? नाही घेणार. म्हणजे माझा नियम असा झाला की जिथे सोडणं सोपं तिथे मी सोडतो. याला नैतिकता म्हणावं का हेच कळत नाही.

षड्जपंचमच्या मुद्द्याबद्दल एकच. हातोड्याने ना त्या मुलींना काही मिळालं ना शिल्पाला. पण त्या शिल्पाखाली, त्या फाँटच्या माहितीत, कुठेतरी ही गोष्ट लिहिलेली असावी असं मात्र मला वाटतं. आम्हाला वर्गात सांगितली नव्हती.

निवृत्त_मास्तर
चर्चा चांगली चालली आहे. मी एक फाटा फोडतो.

आपण 'वाद' आणि 'अपराध' यांची सरमिसळ करतो आहोत. खाँसाहेबांच्या प्रकरणात बडोद्यात जो गोंधळ झाला तो गफूरनवर अन्याय झाला म्हणून झाला का? मुळीच नाही. गफूरनचं नावही कुणी काढलं नसेल. गोंधळ झाला तो सरदाराची मुलगी मुसलमान गवयाबरोबर गेली म्हणून. म्हणजे ज्याबद्दल समाज खवळला तो, दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना पसंत करणं, हा अपराधच नव्हता, आणि जिच्या बाबतीत खरोखर चुकलं तिच्याबद्दल समाज गप्प बसला. त्यामुळे 'वादग्रस्त कलाकार' म्हटलं की मी आधी विचारतो, वाद कुणी घातला आणि कशासाठी.

दुसरं उदाहरण बालगंधर्वांचं. आपल्या बडोद्याशी त्यांचं नातं होतंच, गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा राजाश्रय होता. नारायणरावांनी, म्हणजे गंधर्वांनी, कंपनी कर्जात बुडवली, पैशाचा हिशेब कधी ठेवला नाही, घरच्यांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. हे सगळं महाराष्ट्राने देवमाणूस म्हणून पोटात घातलं. पण गोहरबाई कर्नाटकी आयुष्यात आल्या आणि लोक पेटले. का? वयात आलेल्या माणसाने दुसरं लग्न केलं म्हणून? ती मुसलमान होती आणि रंगमंचावर गंधर्वांसारखंच गात होती, म्हणून. शेवटी पाय गेल्यावर त्यांची सेवा कुणी केली, तर तिनेच. पण कित्येक जुन्या रसिकांच्या तोंडी अजूनही ती खलनायिका. मी माझ्या वडिलांच्या तोंडून हे ऐकत मोठा झालो आणि वडील गंधर्वांचं नाव निघालं की डोळे पुसायचे.

म्हणून म्हणतो, कलाकाराचं खासगी आयुष्य बघूच नका हा सल्ला मला मान्य नाही, आणि बघा आणि बहिष्कार घाला हाही नाही. बघताना आपण काय बघतोय ते बघा.

लीलो_चेवडो
मास्तर, फाटा भारी. पण मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात ने? समाज नेहमी चुकीच्याच गोष्टीवर भडकतो, मग भडकायचंच कशाला?

निवृत्त_मास्तर
तुमच्या बाजूला? छे. समाज चुकीच्या गोष्टीवर भडकतो म्हणून योग्य गोष्टीवरही गप्प बसावं हे कुठून आलं? आणि भडकण्याचं म्हणाल तर बडोद्याचे दरबारी गवई फय्याज खाँसाहेबांच्या खासगी आयुष्याबद्दल या शहरात कुणाची तक्रार नव्हती. १९५०ला इथेच गेले, इथेच पुरले. २००२ साली त्यांच्या कबरीची नासधूस झाली. तिथे कला आणि माणूस वेगळा करायला कुणी आलं नाही.

संपादक
मंडळी, याच्याखालचा एक प्रतिसाद उडवला आहे. विषय कलाकार आणि त्यांचं खासगी आयुष्य हा आहे, तिथेच राहू या. कृपया.

अवलोकिता
सगळे गेलेल्या माणसांबद्दल बोलताय. मला जिवंत माणसांबद्दल बोलायचंय.

मी लहानपणी बरीच वर्षं शास्त्रीय गाणं शिकले, याच शहरात. नाव सांगणार नाही, संस्था पण नाही. सरांचं गाणं खरंच मोठं होतं, हे आजही म्हणते. आणि मोठ्या वयाच्या मुलींशी त्यांचं वागणं कसं होतं हे क्लासातल्या सगळ्यांना माहीत होतं, पालकांना पण. आईला सांगितलं तर आई म्हणाली तू एकटी थांबत जाऊ नकोस, मैत्रिणीबरोबर ये, पण क्लास सोडू नकोस, असा गुरू परत मिळणार नाही. ती वाईट आई नाही. तिला खरंच वाटत होतं की विद्या मिळतेय तर थोडं सांभाळून घ्यावं. मी सोडलं. माझ्याबाबतीत काही झालं नाही, पण जिच्याबाबतीत झालं ती माझ्या शेजारी बसायची आणि ती आता गात नाही. माझ्यापेक्षा दुप्पट चांगला गळा होता तिचा.

तर जेव्हा कुणी म्हणतं ना की माणूस कसाही असो, कलेचं नुकसान होता कामा नये, तेव्हा मला तिचा गळा आठवतो. ते पण कलेचंच नुकसान होतं. ते कुणी मोजत नाही कारण त्याची रेकॉर्ड निघालेली नाही.

२०१८मध्ये 'मी टू' म्हणत सगळीकडे बायका बोलायला लागल्या, त्यानंतर एका गुरुकुलाबद्दल पण पेपरात आलं, तेव्हा फेसबुकवर आपलीच रसिक मंडळी लिहीत होती की परंपरेला धक्का लागतोय. परंपरा म्हणजे काय फक्त गुरू? शिष्या त्यात येत नाही?

माझं साधं आहे. माणूस जिवंत असेल, त्याच्या हातात शिकवण्या असतील, कार्यक्रम ठरवायची पॉवर असेल, तर माझं तिकीट त्या पॉवरला जातं. मी नाही काढणार. मेलेल्याची रेकॉर्ड ऐकली तर तो कुणाला खोलीत बोलावणार नाहीये. एवढा फरक मी करते. आणि सरांकडून शिकलेली यमनची बंदिश मला अजून पूर्ण येते, पण म्हणवत नाही, त्याला काय करायचं ते मला कुणी सांगू नका.

वासंती_काकू
बाळा, वाचलं. कधी दांडिया बझारकडे आलीस तर घरी ये.

टायपोवाला
@अवलोकिता 'त्याची रेकॉर्ड निघालेली नाही' हे फार लागलं. यावर काही बोलत नाही.

भटका_बडोदेकर
न्यू जर्सीहून. मूळ प्रतापनगरचा. रात्रीचे दोन वाजलेत इथे पण लिहितोच.

मास्तरांनी वाद आणि अपराध वेगळे केले ते बेस्ट. अवलोकिताने जिवंत-मृत केलं ते पण. मी एक तिसरी गोष्ट टाकतो जी षड्जपंचमने मूळ पोस्टमध्ये लिहिली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभाच ती आहे. गफूरन कोण होती? अब्दुल वहीद खाँसाहेबांची बहीण. तेच बहिरे वहीद खाँ, किराण्याचा दुसरा खांब, ज्यांच्या विलंबितावर, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यावर, आपले इंदूरचे अमीर खाँसाहेब पुढे जीव टाकत. बहिणीला सोडलं म्हणून दोन्ही खाँसाहेबांमध्ये वितुष्ट आलं, हे ठीक, होणारच.

पण पुढे काय झालं बघा. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्यावर सुरेशबाबूंना आणि हिराबाईंना तालीम कुणी दिली? वहीद खाँसाहेबांनी! म्हणजे ज्या बाईमुळे बहिणीचा संसार मोडला असं त्यांनी म्हणायला हवं होतं, त्याच बाईच्या पोरांना ते शिकवायला बसले. आणि हिराबाई म्हणून आपण जे ऐकतो, ती शांत बढत, एकेका सुरावर बसून राहणं, त्यात वडिलांइतकाच वहीद खाँसाहेबांचा हात आहे.

आता सांगा, गाणं आणि घर वेगळं कसं करणार? गफूरनला गाळलं तर वहीद खाँ तिथे का चिडलेले आणि इथे का शिकवतायत हेच कळणार नाही. मला तरी ही चुगली वाटत नाही, हा संगीताचा इतिहासच आहे. कुणाचा गळा कुठून आला त्याचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो.

षड्जपंचम
@भटका_बडोदेकर हे माहीत होतं पण असं शेजारी-शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. माझं सगळं भाषण आता नव्याने लिहायला लागणार. मुलीने विचारलेला प्रश्न म्हणजे किराण्याच्या अर्ध्या इतिहासाची किल्लीच होती आणि आम्ही त्या काळी चालायचं म्हणून तिला गप्प केलं.

अजून एक गोष्ट मला बरेच दिवस खटकतेय ती इथेच बोलून टाकतो. खाँसाहेबांच्या आवाजातला दर्द, ती आर्तता, याचं स्पष्टीकरण देताना लोक काय म्हणतात? ताराबाई सोडून गेल्या, मुलं गेली, म्हणून तो सूर असा भिजलेला. ऐकायला छान वाटतं. पण अरे, ते कैरानाहून आणलेलं शिक्षण आहे, स्वराचा लगाव आहे, आयुष्यभराचा रियाज आहे. श्रुतींच्या, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांच्या, बाबतीत तो माणूस इतका काटेकोर होता की कृ. ब. देवलांसारख्या अभ्यासकाने श्रुतींच्या मोजमापासाठी त्यांना हाताशी धरलं. कर्नाटक संगीत कान देऊन ऐकलं, त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली. हे सगळं कष्टाचं काम. त्याला विरहाचं फळ म्हणायचं म्हणजे एका बाजूने खाँसाहेबांची मेहनत पुसायची, आणि दुसरीकडे ताराबाईंनी घर सोडलं त्याची कारणं बाजूला सारून त्यांचं जाणं कलेच्या कामी लावायचं. बाईने सोसलं तरी कलेसाठी चांगलं, सोडून गेली तरी कलेसाठी चांगलं!

लीलो_चेवडो
बरं, आता मी पण जरा सिरियस. षड्जपंचम, तू म्हणतोस ते मान्य की अर्धी गोष्ट नको. पण मला सांग, पूर्ण गोष्ट सांगितल्यावर लोक खाँसाहेबांना ऐकताना काय ऐकणार? माझ्या वडिलांकडे ती ७८ची तबकडी होती. माझ्या डोक्यात तो आवाज म्हणजे वडिलांचा रविवार आहे. तुम्ही तिथे गफूरनला आणून बसवताय. मला नाही आवडत. हे चूक असेल, पण आहे.

आणि पुढे पण बघ, भीमसेनजींच्या पहिल्या संसाराबद्दल त्यांच्या थोरल्या मुलानेच पुस्तक लिहिलंय. मी ते मुद्दाम वाचलं नाही. मला भीती वाटते की वाचलं तर तोडी ऐकताना तो मुलगा दिसेल.

निवृत्त_मास्तर
चेवडोजी, मी ते वाचलं आहे आणि तोडी अजून ऐकतो. तो मुलगा दिसतो, हे खरं. पण त्याचा राग आणि वडिलांच्या गाण्याचं वेड एकाच पानावर आहे. त्याला स्वतःला दोन्ही जमतं, तर आपल्याला का जमू नये?

अवलोकिता
@लीलो_चेवडो तुम्हाला आवडत नाही असं सरळ लिहिलंत ते मला 'माणूस जातो सूर राहतो'पेक्षा बरं वाटलं.

मास्तर, एक शंका मात्र आहे. दोन सज्ञान माणसं म्हणालात, पण ताराबाई शिष्या होती ना. गुरू आणि शिष्या. आज हेच कुठे झालं तर आपण प्रेम म्हणू की अजून काही म्हणू? ती पुढे मुलांना घेऊन निघून गेली म्हणजे तिला तिचं मत होतं, हे दिसतंच. पण सुरुवातीला किती होतं?

निवृत्त_मास्तर
प्रश्न रास्त आहे. माझ्या वाक्यात ती बाजू आली नव्हती. ताराबाईंनी स्वतः काही लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही, तेव्हा त्यांच्या मनातलं मी बोलणार नाही. पण तुमचा प्रश्न षड्जपंचमने बैठकीत मांडावा असं मात्र सुचवतो.

भटका_बडोदेकर
+१. आणि कुणीतरी प्लीज रेकॉर्डिंग करा, आम्हाला पाठवा.

षड्जपंचम
सगळं वाचून असं ठरवलंय. सुरुवात खाँसाहेबांच्या रेकॉर्डने नाही करायची, हिराबाईंनी करायची. मग सुरेशबाबू, मग हिराबाई-सरस्वतीबाई यांचं एकत्र गायन मिळालं तर ते, कारण दोन बायकांनी जोडीने ख्याल गाणं तेव्हा नवीनच होतं. मग वहीद खाँसाहेब, त्यांचं ध्वनिमुद्रण फारच थोडं आहे पण आहे. आणि शेवटी अब्दुल करीम खाँसाहेब. मधे बोलणं कमी, पण गफूरन, ताराबाई, नावं बदलणं, वहीद खाँसाहेबांची तालीम हे सगळं येणार, अवलोकिताचा प्रश्न पण. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीलाच वहीद खाँसाहेबांवर बोलायला सांगितलंय, ती हो म्हणाली, आता लायब्ररीत बसलीय. आमच्यातले ते गृहस्थ थोडे नाराज आहेत, ते म्हणतात तुम्ही कौटुंबिक न्यायालय भरवताय. येतील बहुतेक.

वासंती_काकू
हिराबाई पहिल्या, हे चांगलं केलंस. भैरवी मात्र शेवटीच ठेव, क्रम बदलायच्या नादात तिला मधे घालू नकोस.

लीलो_चेवडो
मी येणार. पण खाँसाहेबांच्या वेळी कुणी बोललं तर मी उठून जाईन, आत्ताच सांगून ठेवतो. आधी बोला, नंतर बोला, ती साडेतीन मिनिटं माझी.

षड्जपंचम
ठरलं. साडेतीन मिनिटं कुणी बोलणार नाही. त्याच्या आधी वीस मिनिटं मी बोलणार, तीही तू बसून ऐकायचीस.

लीलो_चेवडो
वीस?? पंधरा कर, नाहीतर चहा गार होतो.